पेढीच्या वहीत नसलेला हिशेब

व्यापारी घराण्यांत नोंदींची परंपरा फार जुनी आहे. रोजमेळ, खातेवही, दिवाळीचे वहीपूजन हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आजोबांच्या काळी कोणाकडून किती पोती माल आला, हे सांगणारी पिवळी पाने काही पेढ्यांच्या माळ्यावर अजूनही सापडतात. त्याच घरातील आजेसासूबाई कितव्या वर्षी सासरी आल्या, मंदीच्या साली त्यांचा कोणता दागिना गहाण पडला आणि तो पुढे सुटला की नाही, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. ती आठवण एका स्त्रीच्या मनात राहते आणि तिच्याबरोबरच जाते.

आत्मकथन या समाजाला परके नाही. हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानले जाणारे ‘अर्धकथानक’ एका जैन व्यापाऱ्यानेच लिहिले. बनारसीदास यांचा जन्म 1586 साली जौनपूरचा. 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्र्यात त्यांनी हा ग्रंथ पद्यात रचला. माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे धरून आपली कथा अर्धीच झाली, म्हणून ते ‘अर्धकथानक’. व्यापारात आलेली खोट, तरुणपणीचे भरकटणे, कचोरीवाल्याकडे उधारीवर काढलेले दिवस, यांतील काहीही त्यांनी झाकले नाही. एका प्रसंगी सर्वस्व गमावून ते खैराबादला सासुरवाडीस आले. पत्नीने नवऱ्याची अवस्था ओळखली आणि आपण साठवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले. पुढे तिने आपल्या आईच्या कानी गोष्ट घातली आणि आईने गुपचूप दोनशे रुपये दिले. त्या भांडवलावर बनारसीदास पुन्हा धंद्याला लागले.

व्यापारी कुटुंबाला या प्रसंगाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण ते वीस रुपये तिने किती वर्षांत, कशातून वाचवले होते? देताना तिच्या मनात काय होते? नवऱ्याची बाजू पावणेचारशे वर्षे टिकली. तिची बाजू लिहिली गेली नाही.

लिहिणाऱ्या स्त्रियांना त्यासाठी काय करावे लागले, हे पाहण्यासारखे आहे. बंगालमधील राससुंदरी देवींनी एकोणिसाव्या शतकात ग्रंथाचे एक पान स्वयंपाकघरात लपवून, मुलाने गिरवलेल्या ताडपत्रावरील अक्षरांशी ते ताडून पाहत, चोरून वाचायला शिकून घेतले. पुढे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले. रमाबाई रानडे यांना शिकताना घरातल्याच बायकांचे टोमणे सोसावे लागले. त्यांच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध झाल्या, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. ज्यांना आयुष्याच्या उत्तरार्धातही निवांतपणा लाभला नाही, त्यांची पुस्तके आज कोठेच नाहीत.

‘बायकांजवळ लिहिण्यासारखे काय असणार’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. उणीव असते ती सलग वेळेची. नवकारशीपासून चौविहारापर्यंत घराचे घड्याळ गृहिणीच्या हातांवर चालते. हिशेब मध्येच थांबवून पुन्हा बेरीज मांडता येते, पण आठवणीचे तसे नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा शब्द ओठावर येतो न येतो, तोच दाराची घंटा वाजते आणि तो शब्द त्या दिवसापुरता तरी गेलेला असतो.

अमेरिकेत सिएटलजवळच्या व्हिडबी बेटावर नॅन्सी नॉर्डहॉफ यांनी 1988 साली ‘हेजब्रुक’ हे खास लेखिकांसाठीचे निवासस्थान सुरू केले. झाडीत सहा छोट्या कुट्या आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र कुटी मिळते आणि संध्याकाळी सर्वजणी एका टेबलाशी जेवतात. तेथील निसर्गाचे कौतुक बरेच होते, पण खरी गोष्ट वेगळीच आहे: स्वयंपाक दुसरे कोणी तरी करते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 मध्ये लेखिकेसाठी स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे मागितले होते. भारतीय गृहिणीच्या बाबतीत त्यात आयत्या ताटाची भर घालावी लागेल.

असे निवासी शिबिर आपल्याकडे अवघड नाही. एखाद्या क्षेत्रावरील धर्मशाळा, पाच-सहा जणी, वह्या आणि वेळेवर जेवण एवढे पुरे. व्याख्याने, सत्कार आणि हारतुरे मात्र कटाक्षाने वगळावेत. शिबिर म्हटले की तेच आधी ठरते. दोन दिवसही पुरणार नाहीत, कारण घराची काळजी मनातून उतरायलाच तेवढे दिवस लागतात. तोवर नातवंडांचे डबे आणि सासऱ्यांची औषधे कोणी पाहायची, हे शिबिराच्या तारखेइतक्याच पक्केपणाने घरात ठरावे. जिला जाणे शक्य नाही, तिच्यासाठी घरातच एक सोय आहे. सामायिकास बसलेल्या बाईला अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी हाक मारत नाही. तीच शिस्त, सामायिकाची वेळ सोडून, तिच्या लिहिण्याच्या तासालाही लागू करता येईल.

घरच्यांची भीती वेगळी असते. जुनी देणी, भावाभावांतल्या वाटण्या, मोडलेली सोयरीक हे कागदावर आले तर झाकली मूठ उघडी पडेल, असे त्यांना वाटते. ही भीती खोटी नाही. पण लिहिणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय छापायचे ते तिने नंतर, संबंधितांचा विचार करून ठरवावे. लिहिताना मात्र वही कोणी तपासू नये. भाषाही तिची तिने निवडावी. माहेरची आठवण मारवाडीत, गुजरातीत किंवा कानडीत येत असेल तर तशीच उतरवावी. हात थरथरत असेल तर तिने सांगावे आणि नातीने लिहून घ्यावे, मात्र आजीचे वाक्य ‘शुद्ध’ करण्याच्या मोहात न पडता.