तराजूचा आंकडा आणि मुलाचीं पावलें

गोदावरीकांठीं एकलहरे येथें जें औष्णिक वीज केंद्र आहे, तेथें येणाऱ्या कोळशाचें वजन होतें. पण वजन झालें म्हणजे परीक्षा संपली असें तेथें कोणी मानीत नाहीं. त्या वजनांत राख किती व जळणारें सत्त्व किती, हें पाहिल्यावांचून कोळशाची योग्यता ठरत नाहीं. दगडी कोळशाच्या बाबतींत आपण वापरतों तो विवेक तान्ह्या मुलांच्या बाबतींत मात्र गुंडाळून ठेवतों. मूल तराजूंत घालावें, आंकडा लिहावा आणि निकाल द्यावा, अशी आपली रीत पडली आहे. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर दिलेला हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व अर्भकें यांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचें जन्मवेळचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचें सुमारें ३.५ किलो भरलें. परंतु तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू व पोटांतील अवयव यांत ती मोठी होती. कातडीखालची चरबी त्या मानानें शाबूत होती. आतां मान धरणें, उपडें होणें, बसणें, रांगणें हीं सारीं कामें स्नायूंचीं. मग नुसत्या वजनावरून मुलाच्या शक्तीचा अदमास कसा बांधावा?

जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानकांसाठीं भारतासह पांच देशांतील ८१६ निरोगी मुलांची हालचाल तपासण्यांत आली. आधारावांचून बसणें साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान, आणि स्वतंत्र चालणें ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान साधतें, असें दिसलें. पोटभर खाणाऱ्या त्या मुलांत वजन थोडें अधिक वा उणें असल्यानें या वेळापत्रकांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. तेव्हां हलकें पण चपळ मूल पाहून आईनें उगाच झुरूं नये. आणि गुटगुटीत मूल नऊ महिने उलटूनही बसत नसेल, तर ‘बाळसें धरलें आहे, बसेल आपोआप’ म्हणून घरच्यांनीं स्वस्थ राहूं नये.

उपासमारीची गोष्ट निराळी. अन्न अपुरें पडलें म्हणजे देह प्रथम हालचालींत काटकसर करतो. मूल पडून राहतें, वस्तूकडे झेपावत नाहीं, आणि हाताळून शिकावयाचें तें शिकावयाचें राहून जातें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३६ वजनानें कमी आढळलीं. या आंकड्यामागें किती मुलांचीं पावलें अडलीं आहेत, हें कोणी मोजलें आहे काय? शिवाय नाशिकच्या द्राक्षबागेंत किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईचें मूल दिवसभर झोळींत असतें. त्यास घांस मिळाला तरी रांगावयास भुई मिळत नाहीं.

अंगणवाडीची योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरपासून चालू आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीच्या आलेखाबरोबर बसण्याचालण्याचे टप्पेही छापलेले असतात. म्हणजे कायदेपंडितांच्या भाषेंत सांगावयाचें तर पुरावा दप्तरांत आहे, तो वाचावयाचा तेवढा राहिला आहे. सेविकेवर कामाचा बोजा आधींच मोठा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. म्हणूनच तिच्या वह्या कमी कराव्या आणि तिला मुलाकडे पाहावयास वेळ द्यावा, अशी आमची मागणी आहे. वजन घेते वेळींच मूल चटईवर सोडून घटकाभर पाहावें. मागें पडलेल्या मुलास आईस दोष न देतां डॉक्टरांकडे धाडावें. आणि जेथें मजूर स्त्रिया काम करतात, तेथें मालकांनीं सावलीची, स्वच्छ, रांगण्याजोगी जागा राखावी.

एकलहऱ्याची वीज दूरदूरच्या घरांत उजेड पाडते. त्याच गांवशिवारांतील मजुराचें मूल वेळेवर आपल्या पायांवर उभें राहतें कीं नाहीं, एवढें पाहण्यापुरता उजेड आपल्या डोळ्यांत असावा, ही अपेक्षा फार मोठी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.