मुलीचा मोबाईल कोणाच्या उशाशी?

राजापूर तालुक्यातील नाटे गाव जैतापूरच्या खाडीकाठचे. यशवंतगड आणि साखरी नाट्याचे मच्छीमार बंदर ही त्याची ओळख. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीस काढलेली. अशा दिवसांत मुलगा बापाजवळ बसून जाळे सांधावयास शिके. बोलणी खाई, पण बोलणे तरी होई! आज तो मोबाईलमध्ये मान घालून बसतो आणि 'मुलगाच तो' म्हणून आपण काणाडोळा करतो. त्याचे शेकडो 'मित्र' आहेत. मन मोकळे करावे असा एकही नाही. पुरुषाने रडू नये, हे तर आपणच त्यास शिकविले.

आणि त्याची बहीण? तिला मोबाईल मिळतो तो आईचा, भांडी आटोपल्यावर, घटकाभर. 'प्रथम'च्या २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन चालविता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी अवघ्या १९.८ टक्क्यांकडे. यास कोणी काळजी म्हणोत, आम्ही अविश्वास म्हणतो.

'बरेच झाले, बिघडणार तरी नाही,' असे आपल्या धर्मग्रामांतील सुजाण पालकही म्हणतात. परंतु मुलास बंदर आहे, मैदान आहे. मुलीस दिवेलागणीनंतर ओटीही परकी. कोणा अनोळखी इसमाने तिला अभद्र संदेश धाडला, तर ती घरी सांगेल काय? मुळीच नाही. 'दे तो मोबाईल इकडे' हे आपले पहिले वाक्य असणार, हे ती जाणून आहे. शिक्षा तिलाच. मग ती गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण वळण म्हणतो!

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पडला. स्त्रियांच्या सभेने त्यास पाठिंबा दिला, हे विशेष. उपक्रम स्तुत्यच. मात्र असाच भोंगा आपल्याकडेही वाजवा म्हणणाऱ्यांस आमचे दोन प्रश्न आहेत. त्या दीड तासात भाकऱ्या कोण थापणार? आणि बापाचा मोबाईल कोण बंद करणार?