पोषण ट्रॅकरवरील चेहरा पडताळणीबाबत अंगणवाडी सेविकांचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, बीड

विषय : चेहरा पडताळणीमुळे अंगणवाडीचे काम व सेविकांची उमेद खचत असल्याबाबत.

महोदय,

पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च 2021 मध्ये आले. मोबाइलवर नोंदी करायला आमची ना नाही. लेकराच्या वजन-उंचीचा हिशेब त्यात लगेच दिसतो. पण 1 जुलै 2025 पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. जी बाई दिवस राहिल्यापासून आमच्या नजरेखाली आहे, तिला कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखले नाही तर आमच्या ओळखीला किंमत नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, नवरा उसाच्या फडात. लेकरू कडेवर घेऊन ती रेंज शोधत उभी, आणि बोल आम्हाला.

बीडमध्ये हे जास्त नडते. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गरोदर बाई आणि अंगावर पिणारे लेकरू कोयत्याबरोबरच जाते. तिचा चेहरा इथे दिसणार कसा? पडताळणीची टक्केवारी मात्र सेविकेची घसरते आणि खुलासाही तिलाच द्यावा लागतो. कमी वजनाच्या लेकरासाठी ती किती वेळा त्या घरी गेली, हे कोणी विचारत नाही. पूर्वी काट्यावर पाव किलो वाढ दिसली की कष्टाचे चीज वाटायचे. आता चेहरा जुळला की सुटल्यासारखे वाटते. प्रोत्साहन भत्ता याच नोंदींवर ठरणार असेल, तर त्याने प्रोत्साहन कोणाला मिळणार?

पडताळणीचा निर्णय दिल्लीचा आहे, हे आम्ही जाणतो. पण टक्केवारी कशी वाचायची, हे आपल्या हातात आहे. म्हणून चेहरा न जुळल्यास सेविकेने सहीनिशी केलेली नोंद ग्राह्य धरावी व आहार कोणाचाही थांबू नये. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो लाभार्थींचा हक्क आहे. स्थलांतरित कुटुंबे टक्केवारीतून वगळून त्यांची वेगळी यादी हंगामाआधी तयार करावी आणि ती साखर कारखान्याच्या जिल्ह्याला कळवावी. केवळ ॲपच्या आकड्यावरून खुलासा मागणे, मानधन वा भत्ता कापणे बंद करावे. चालणारा मोबाइल व पुरेसा डेटा तर द्यावाच.

यावर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी व बैठकीस बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनाही बोलवावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
अंगणवाडी सेविका व मदतनीस, बीड जिल्हा

प्रत : मा. जिल्हाधिकारी, बीड