शाहिराच्या शब्दामागची परंपरा

अण्णा भाऊ साठे (1920–1969) यांच्या गीतांना केवळ चळवळीची प्रचारगीते मानले, तर त्यांच्यामागे उभी असलेली काव्यपरंपरा नजरेआड होते. तमाशाच्या फडात घडलेल्या या शाहिराने पोवाडा, म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीने गायिले जाणारे वीरकथन, स्टालिनग्राडच्या लढ्यापर्यंत नेला. आणि गण, म्हणजे तमाशाच्या आरंभीचे गणेशस्तवन, बाजूला सारून तेथे मायभूमीला वंदन केले. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, पोटासाठी मुंबईला आलेल्या कामगाराच्या विरहापासून सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडली जाऊन बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत पोहोचते. लावणीतील विरहिणीची जुनी वेदना येथे पुरुषाच्या मुखी येते आणि एका भूभागाची वेदना होते. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने ही रचनापद्धती गिरणगावातील कामगारांपर्यंत नेली. परंपरा मोडून नव्हे, तर तिच्यातच नवा आशय ओतून हे काव्य समर्थ झाले, आणि म्हणूनच शाहिरी वाङ्मयाला मराठी काव्येतिहासाच्या परिशिष्टात नव्हे, तर मुख्य प्रवाहात स्थान मिळाले पाहिजे, ही या अंकामागील भूमिका आहे.