‘काही करत नाही जी तो!’

नागपुरात कुत्रा पाळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य कायम असतं. त्याचा लॅब्राडोर सुटा, जीभ बाहेर काढून, आनंदानं उधळत आपल्याकडे येत असतो. आपल्या हातातला कुत्रा पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभा, घसा फाटेस्तोवर भुंकत असतो. आणि पन्नास फुटांवरून मालक ओरडतो, "काही करत नाही जी तो!"

अहो, तुमचा नाही करत. इकडचा करतो. त्याचं काय?

हिंगणा रोडच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट स्कीमा वाढल्या आणि त्यांत आपल्यासारखी लॅपटॉपवाली मंडळी आली. त्यांनी हौसेनं कुत्रे आणले. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांची गोष्ट सारखी आहे. घरात गरीब गाय, पाहुण्यांच्या पायाशी लोळणार, पण रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की अंगात आल्यासारखं करणार. इंग्रजीत अशा कुत्र्याला ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, म्हणून आपण हाताशी असलेले वापरतो. चावरा. माजलेला. डोक्यानं गेलेला. शब्द चुकला की उपचारही चुकतो. माजलेल्याला माणूस बदडतो, घाबरलेल्याला बदडत नाही. आणि हा कुत्रा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. काही वेळा त्याला दुसऱ्याकडे जायचं असतं, पट्ट्यामुळे जाता येत नाही आणि त्याची चिडचिड होते. पण माज? क्वचितच.

त्याच्या बाजूनं बघा. समोर अनोळखी कुत्रा आलाय. मोकळा असता तर हा बाजूनं वळून निघून गेला असता. गळ्यात पट्टा आहे, पळता येत नाही. मग भुंकतो. समोरचा (त्याचा मालक त्याला ओढून नेतो म्हणून) निघून जातो. झालं! उपाय लागू पडला. उद्या पुन्हा तेच, जरा जोरात. जे फंक्शन दर वेळी सक्सेस रिटर्न करतं, ते कोण कशाला बदलेल?

यावर आपल्याकडचे सल्ले ऐका. पहिला, सार्वत्रिक: "दोन ठेवून द्या, सरळ होते." दुसरा, पैसे देऊन मिळणारा: चोक चेन घाला आणि भुंकला की झटका मारा. असे ट्रेनर गल्लोगल्ली आहेत. ते ‘अल्फा’ असा एक शब्द फेकतात. म्हणजे तुम्ही टोळीचे नायक, कुत्र्याला तुमची दहशत पाहिजे वगैरे. हे ज्ञान आलं कुठून? रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधातून. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना घराघरात गेली. पुढे मेक स्वतः जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघत राहिले आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की जंगलातली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. नायकपदासाठी मारामाऱ्या वगैरे काही नाही. ज्यानं ही कल्पना पसरवली त्यानं ती मागे घेतली, आपले ट्रेनर अजून जुन्याच व्हर्जनवर. असो.

झटक्यानं होतं काय? दुसरा कुत्रा दिसला आणि गळ्याला कळ आली. पुन्हा दिसला, पुन्हा कळ. कुत्रा यातून काय शिकेल? हेच, की दुसरा कुत्रा दिसणं ही वाईट बातमी आहे. काही दिवसांनी तो भुंकायचा थांबतोही कदाचित, आणि मालक खूश. पण भीती तिथेच असते, फक्त एरर मेसेज बंद केलेला असतो. न गुरगुरता एकदम चावणारा कुत्रा हा बऱ्याचदा गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा असतो.

लागू पडतं ते औषध शंभर वर्षं जुनं आहे, आणि ते आधी माणसाच्या पोरावर वापरलं गेलं. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत छापली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीत आणायचे. पण इतका लांब ठेवायचे, की त्याचं खाणं थांबू नये. हळूहळू ससा जवळ आला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याचंही हेच. दुसरा कुत्रा दिसला, की लगेच चिकनचा उकडलेला तुकडा (शाकाहारी घरांत पनीर चालतं). तो दिसेनासा झाला, की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रा दिसणार, मग खाऊ. आणि भुंकण्याआधी. कान टवकारून तो जागीच ताठ झाला, तोंड मिटलं, हाक मारली तरी बघेना, चिकन नाकाशी धरलं तरी घेईना, म्हणजे तुम्ही फार जवळ आला आहात. गुपचूप उलटं फिरा. शिकवणी वगैरे त्या क्षणी काही होत नाही.

म्हणजे सगळं औषध अंतरात आहे. आणि नेमकं तेच हिंगण्यात मिळत नाही!

कुत्र्यांवरची ही विलायती पुस्तकं आणि व्हिडिओ अशा रस्त्यांसाठी आहेत, जिथे दिसणारा जवळपास प्रत्येक कुत्रा कोणाच्या तरी हातात असतो. ‘रस्ता ओलांडून पलीकडे जा’ असं ते सांगतात. पलीकडे कोण आहे? पलीकडे चहाच्या टपरीखाली तिघं आहेत. एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या भाकरीवर वाढलेली वेगळी टोळी, तिची हद्द पुढच्या वळणापर्यंत. ते तुमच्यापासून अंतर ठेवत नाहीत, उलट येऊन चौकशी करतात. त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी डांबरावर पाय ठेवणं कुत्र्यासाठी क्रौर्य आहे. म्हणून सगळे पहाटे किंवा रात्री बाहेर पडतात. सगळे म्हणजे पाळीव कुत्रे, मोकाट कुत्रे, जॉगिंगवाले आणि पहिल्या पाळीची सायकलवाली मंडळी, एकाच दीड-दोन तासांत.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, फिरायला नेणं बंद करा. कायमचं नाही, पण काही आठवडे नक्की. यावर लोक दचकतात. "कुत्रा आहे, त्याला फिरवायला नको?" अरे, पण तो फिरतोय कुठे? अर्धा तास तो युद्धावर असतो आणि तुम्ही त्याचे सारथी. रोज दोनदा एखादा बग मुद्दाम प्रॉडक्शनवर चालवून बघायचा आणि मग म्हणायचं, फिक्स का होईना! शी-शू पुरतं खाली, शांत वेळ बघून, पाच मिनिटं. बाकी गच्चीवर, पार्किंगमध्ये. जुन्या गोणपाटात खाऊ गुंडाळून हुंगून शोधायला लावा. वीस मिनिटं नाक चाललं, की गडी आडवा होतो. सुटीच्या दिवशी गाडीत घालून लांब, नजर पोहोचेल अशा मोकळ्या जागी न्या आणि सराव तिथे करा. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. तोंडाला जाळी लावायची वेळ आली, तर पिंजऱ्यासारखी घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील. कापडी पट्टीनं तोंड आवळलं, तर विदर्भातल्या उन्हात कुत्रा स्वतःला थंड कसा करणार?

आता सुट्या लॅब्राडोरचे मालक. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या जनावराबाबत हलगर्जी करून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका निर्माण केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या कुत्र्याच्या मनःशांतीचा त्यात उल्लेख नाही, मान्य. पण कायद्यात नाही म्हणून आपण लिफ्टमध्ये थुंकत नाही ना? आठ आठवडे मेहनत करून एखाद्यानं आपल्या कुत्र्याला वीस फुटांपर्यंत आणलेलं असतं. तुमचा ‘काही न करणारा’ दहा सेकंदांत ते सगळं धुऊन टाकतो. पट्टा लावा. फार मोठी मागणी नाही ही.

आणि पिल्लू तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी विकणारे, आणि ते घेणारे आपण. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई आणि भावंडांत लोळून कुत्रा ‘कुत्र्याची भाषा’ शिकतो ती याच दिवसांत. ती हुकवायची, वर लसी होईपर्यंत त्याला फ्लॅटमध्ये कोंडायचं, आणि सहाव्या महिन्यात विचारायचं, हा असा का वागतो?

राहिले मोकाट कुत्रे. या विषयावर आपल्याकडे दोनच पक्ष आहेत, ‘सगळे उचला’ आणि ‘हात लावू नका’. कोर्टातही तेच दिसलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं, की खायला घालायचंय तर दत्तक घेऊन घरी न्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावरच्या दंडात्मक कारवाईला स्थगिती दिली. दिल्लीच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा तोच सूर: नसबंदी, लस, जिथून उचलला तिथेच परत, आणि खाणं ठरलेल्या जागीच. २०२३ च्या नियमांतही खाऊ घालायची जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी असंच आहे. तेव्हा रोज स्कीमच्या गेटवर पोळ्या टाकणाऱ्या काकूंना माझा नमस्कार, पण काकू, गेटवर नको. मागच्या कंपाउंडला घाला. गेटवर घातलं की गेट हेच त्यांचं राज्य होतं, आणि आमचा घाबरट गडी रोज सकाळी त्या राज्याच्या सीमेवर उभा.

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीत एकदा मोजून बघा, किती कानांना आहे. नियमानं हे काम स्थानिक संस्थेचं. आणि हिंगणा रोडवर महापालिकेची हद्द संपून वानाडोंगरी नगर परिषद लागते, हे कुत्र्यांना माहीत नाही. बऱ्याच फ्लॅटवाल्यांनाही नाही. ते तक्रार घेऊन सिव्हिल लाइन्सला महापालिकेत जातात आणि तिथून परत पाठवले जातात. तेव्हा आधी घरपट्टीच्या पावतीवर नाव कोणाचं आहे ते वाचा, आणि नसबंदीचा अर्ज त्या ऑफिसात द्या. लेखी, पोच घेऊन, खाली स्कीममधल्या दहा-बारा जणांच्या सह्या. लॅब्राडोरवाल्यांचीही घ्या.