तंबोरा घरी ठेवून जाऊ नका

परदेशी पहिल्यांदा निघालेल्या गायक-वादकांच्या सामानात खाण्यापिण्याला दहा किलो आणि तंबोऱ्याला काहीच नाही, हे या आठवड्यात पाहिलं आणि मन खट्टू झालं. तो खट्टूपणा अजून जात नाही, म्हणून आज ठरवलेला विषय बाजूला ठेवते.

वाई-पाचगणीकडच्या मुलामुलींचा एक बँड आहे. अभंग गातात, सोबत गिटार, कीबोर्ड, तबला आणि पखवाज. गणेशोत्सवात लंडनच्या बाजूला त्यांचे कार्यक्रम ठरलेत. परदेशातला पहिलाच दौरा. भर पावसात घाट चढून ती पोरं महाबळेश्वरला आमच्याकडे आली, ती सामानाची यादी दाखवायला. "मावशी, काही राहिलं असेल तर सांगा." माणशी तेवीस किलोची एक बॅग, हातातलं वेगळं. यादीत जॅकेटं, थर्मल, चटण्या, थालीपिठाची भाजणी, स्ट्रॉबेरी क्रशच्या बाटल्या, चिक्की आणि यजमानांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे. पेढे मी तिथल्या तिथे खोडले. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सापडले तर तिथले अधिकारी काढून घेतात. क्रश हातातल्या बॅगेत चालत नाही, द्रवाला शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे. चिक्की मात्र खुशाल न्या.

यादी संपली तरी तंबोरा आला नाही. विचारलं, तर गाणारी मुलगी म्हणाली, "ॲप आहे ना मावशी, फोनमध्येच." आणि मग थोडं थांबून तिनेच खरं कारण सांगितलं. तंबोरा नेला की तो छेडायला माणूस न्यावा लागतो. त्याचं तिकीट आलं, व्हिसा आला, राहणं आलं. आयोजकांनी मोजकीच नावं मागितली होती. तंबोऱ्यामागे बसणारी मुलगी गळली, म्हणून तंबोरा गळला.

मुलांवर रागवावं असं काही नाही. लहान गटाला एक तिकीट म्हणजे मोठी गोष्ट. इलेक्ट्रॉनिक तंबोरा येऊनही आता चाळीसहून अधिक वर्षं झाली. चांगल्या चांगल्या गवयांनी तो प्रवासात, रियाजाला वापरला आहे. पण यांच्या बँडमध्ये कीबोर्ड आहे, आणि म्हणूनच यांना खऱ्या तंबोऱ्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. कीबोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले असतात. त्याचा गंधार आपल्या गंधारापेक्षा चढा. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो कोणी वाजवत नाही, पण गाणाऱ्याच्या कानाला तो धरून ठेवतो. घोडीवर तारेखाली असणाऱ्या जवारीच्या दोऱ्याची जागा केसभर हलवली की सगळा झंकार बदलतो, आणि हॉल कसा आहे, आवाज कुठल्या पट्टीत लागलाय, ते बघून ती हलवता येते. फोनमधला आवाज एकदा मुद्रित झालेला असतो.

हा सुराचा प्रश्न आपल्याच मुलखात लोकांनी केवढ्या जिद्दीने धसाला लावला होता! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स हे न्यायखात्यातले इंग्रज अधिकारी. या दोघांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे बावीस श्रुती मोजायचा खटाटोप केला आणि त्या श्रुतींची हार्मोनियमही करवून घेतली. देवलांचं पुस्तक 1910चं. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण गंधार किती वर, किती खाली, यासाठी दोन सरकारी माणसांनी आपली वर्षं घातली. त्याच मातीतली मुलं कीबोर्डशेजारी फोन ठेवून गाणार, हे मला सोसत नाही.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? गुरूच्या मागे तंबोरा धरून बसणं हीच आपल्याकडे अर्धी तालीम. मैफल कशी उभी राहते, कुठे श्रोता सुटतो, कुठे परत येतो, हे त्या जागेवरून कळतं. ते तिकीट वाचवलं की पुढच्या गायिकेची तालीम बुडते.

तंबोरा प्रवासात फुटेल अशीही मुलांना भीती होती, आणि ती मात्र खरी आहे. 2018 साली शुभेंद्र राव यांची सतार दिल्लीहून न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत मोडली होती. म्हणून मी त्यांना मिरजेला जायला सांगितलं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाचून सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना पाठवलं. आता तिथल्या कारागिरांकडे कामही न्या. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड. लाकडाचा स्वभाव त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा माहीत. प्रवासाला नेण्याजोगा लहान, उथळ तंबोरा करून मिळतो का, ते त्यांना विचारा. फार जुना, हस्तिदंताची नक्षी असलेला तंबोरा कितीही गोड असला तरी नेऊ नका. हस्तिदंत आंतरराष्ट्रीय वन्यजीव करारात येतं, परवान्याशिवाय ते जप्त होतं. तारा सैल करून, घोडीखाली मऊ कापडाची घडी सरकवून, गळ्याच्या जोडाला दोन्हीकडून आधार देऊन मगच तंबोरा कडक पेटीत ठेवावा. आमच्याकडे पावसाळ्याआधी घरं गवताच्या तट्ट्यांनी झाकून घेतात, तसं चहूबाजूंनी. भोवती धोतरं, उपरणी, साड्या भरल्या की कपड्यांची वेगळी बॅगही वाचते. ओलावा टिकवून धरणाऱ्या पुड्या टाका, कारण इथल्या दमट हवेतून तो कोरड्या खोल्यांत जाणार. आणि निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्यांचं निर्यात प्रमाणपत्र मागून घ्या. परतताना ही वाद्यं इथूनच नेलेली आहेत हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.

सामानाइतकीच माणसांची तब्येत सांभाळा, हेही सांगितलं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला फारुख बलसारा तिथल्या 'हेक्टिक्स' या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आता पाचगणीत येणाऱ्या पर्यटकांनाही माहीत असतं. त्याचा 'क्वीन' बँड 1974च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्यांनी स्वतःचे दिवेसुद्धा बरोबर नेले होते. पण निघण्यापूर्वी घेतलेल्या लशीची सुई अस्वच्छ निघाली आणि गिटारवादक ब्रायन मेचा हात सुजला. फ्रेडीच्या कानाला संसर्ग झाला. दिवे लागले, पण वाजवणारे आजारी. आमच्या मुलांना मी एकच अट घातली आहे, उतरल्या दिवशी कार्यक्रम घ्यायचा नाही. विमानातल्या कोरड्या हवेत गळा बसतो, त्याला एक रात्र द्यायलाच हवी.

परदेशातल्या मराठी मंडळांना एक विनंती. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्व आफ्रिकेत आणि चीनमध्ये गाऊन आल्या. तेव्हा सगळं इथूनच नेण्याला पर्याय नव्हता. आज तुमच्याकडे सभागृहं आहेत, कपाटं आहेत, गाणं शिकणारी मुलं आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर 1932 सालचं. प्रत्येक मंडळाने मिरजेच्या तंबोऱ्यांची एक जोडी विकत घेऊन ठेवावी, एक स्त्रियांच्या पट्टीचा, एक पुरुषांच्या. दोन-तीन वर्षांतून एकदा जवारी काढायला मिरजेचा कारागीर बोलवावा. त्याच्याही पासपोर्टवर शिक्का पडू दे. इथून येणाऱ्या प्रत्येक गटाचा पेटीचा खर्च आणि मोडण्याची भीती जाईल. मागे बसायला तुमच्याच गाणं शिकणाऱ्या मुलींपैकी एक बसवा. आमच्या मुलांच्या आयोजकांना मी हे लिहून पाठवलं आहे. तोवर मुलं या रविवारी मिरजेला निघाली आहेत, आणि चटण्या निम्म्या झाल्या आहेत.