एमसीबी मोठा करू नका, आधी हिशोब करा

"सारखं ट्रिप होतंय, मोठा एमसीबी टाकून द्या!" उन्हाळा आला की बाजारपेठेतल्या गाळ्यांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. वायरमन 16 चा काढून 32 अँपिअरचा बसवतो. ट्रिपिंग बंद, दुकानदार खूश. पण मंडळी, भिंतीतली वायर तीच जुनी 2.5 स्क्वेअर एमएमची राहिली ना!

हिशोब मोबाइलवर होतो. वॅटला 230 ने भागा. एसी 1800, झेरॉक्स मशीन 1500, चहाची किटली 1500. एकूण 4800 वॅट, म्हणजे जवळपास 21 अँपिअर. पाइपातून गेलेली 2.5 ची वायर साधारण 20 अँपिअरची. त्यात एसी दिवसभर चालू. असा सलग लोड सर्किटच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असतो.

एमसीबी ट्रिप होतो तो वायर वाचवायला. त्याला गप्प केलं की वायर तापते, इन्सुलेशन वितळतं आणि मग आग. उपाय साधा आहे: एसीला स्वतंत्र सर्किट, 4 ची वायर, 20 चा एमसीबी.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. गाळ्यात कपड्याचं दुकान येणार की झेरॉक्सचं, हे न विचारताच वायरिंग होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: ताबा देतानाच डीबीच्या दारावर तक्ता लावलेला हवा. कुठलं सर्किट, कोणती वायर, किती अँपिअर. गाळा घेताना पार्किंग विचारता, तसा हा तक्ताही मागा.